फक्त पाणी तापवायचं

चिंचवड स्टेशनजवळचा तो बंगला मामंजींनी घेतला, तेव्हा खोल्या किती, छप्पर गळतं का, याची चौकशी कुणी केली नाही. मागच्या अंगणात पोहायची टाकी आहे, एवढं ऐकूनच माझ्या सासऱ्यांनी व्यवहार ठरवला होता. आधीचा मालक कुणी गोरा साहेब. तो मायदेशी गेला आणि टाकी इथेच राहिली. देहूरोडच्या लष्करी डेपोला लाकडी खोकी पुरवणारे मामंजी स्वतः पोहत नसत. त्यांना पाण्याची भीती वाटायची. पण आल्यागेल्याला चहाच्या आधी टाकी बघावी लागे. "साहेबाची आहे," असं ते अशा थाटात म्हणत, की जणू साहेबाने जाताना डोळ्यांत पाणी आणून ती त्यांच्या हवाली केली असावी.

मी लग्न होऊन त्या घरात आले, त्याच वर्षी पावसाळ्याअखेरीस सासूबाई न्हाणीत घसरल्या. पाय मोडला. हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. भिंतीला धरून त्या स्वयंपाकघरापर्यंत येत आणि खुर्चीवर बसून मला भाजी कशी चुकली ते सांगत. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "कोमट पाण्यात उभं राहून रोज पाय हलवा. नाहीतर हा असाच राहील."

मामंजींचा चेहरा उजळला. बायकोच्या पायाचं दुःख होतंच, पण टाकीला अखेर काम मिळालं होतं.

"टाकी घरचीच आहे," ते म्हणाले. "फक्त पाणी तापवायचं."

त्या 'फक्त'पायी आमचा अख्खा हिवाळा गेला.

घरात सल्ला द्यायला भाऊजी होते, माझे धाकटे दीर. पिंपरीत नव्याने निघालेल्या एका कारखान्यात ते कामाला होते. त्यांचं इंजिनिअर व्हायचं राहून गेलं होतं, पण ते त्यांना कुणी कळवलं नव्हतं. विजेवर पाणी तापवावं, असं त्यांनी सुचवलं. मामंजी म्हणाले, "म्हणजे सगळ्या चिंचवडातले दिवे मंद करून तुझी आई पाय हलवणार?" मग स्वस्तातला उपाय शोधायचं ठरलं.

पहिला उपाय घरातला बंब. पहाटेपासून तो पेटवायचा, उकळतं पाणी बादलीने टाकीत ओतायचं, पुन्हा भरायचा. दुपारी मामंजी काठावर बसले, बोट बुडवलं आणि म्हणाले, "फरक आहे." तो फरक त्यांच्याखेरीज कुणालाच जाणवला नाही. आमच्या वाट्याला मात्र दिवसभर गार पाण्याची आंघोळ आली.

मग महाळुंग्याच्या बाजूच्या एका गुऱ्हाळातून मामंजींनी गूळ शिजवायची काहील आणवली. बैलगाडीतून ती भलीमोठी कढई उतरवताना गुऱ्हाळवाल्याने विचारलं, "राव, गूळ पाडायचा हाय व्हय? ऊस कुठं दिसंना त्यो."

"पाणी तापवायचंय," मामंजी म्हणाले.

"कशाला?"

"घरच्या बाईंना पोहायला."

गुऱ्हाळवाल्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्या नऊवारीत, काठी टेकून दारात उभ्या होत्या.  मग त्याने बैल जरा घाईने वळवले.

काहिलीखाली खोक्यांच्या लाकडाचे तुकडे जळू लागले. धूर बरोबर आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरायचा. टाकीचा एक कोपरा ऊन व्हायचा आणि राख सगळ्या टाकीभर पसरायची. सासूबाई पायरीपर्यंत आल्या, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "यात मी उतरायचं की भांडी घासायची?"

त्यावर भाऊजींची पाळी आली. भंगारातून त्यांनी एक जुना बॉयलर आणला, त्याला नळ्या जोडल्या आणि आम्हा सगळ्यांना लांब उभं केलं. शास्त्रशुद्ध काम असल्यामुळे आम्ही बरेच लांब उभे राहिलो. बॉयलर घुरघुरला, थरथरला, आणि एक नळी सुटून लालभडक पाण्याची चिळकांडी थेट मामंजींच्या धोतरावर उडाली. कुणाला भाजलं नाही. तेवढं तापवायची त्या बॉयलरची ताकदच नव्हती. टाकीचं पाणी मात्र गंजाने विटकरी झालं.

"तत्त्व बरोबर होतं," भाऊजी म्हणाले.

"तत्त्व धुऊन आण आधी," मामंजी धोतर झटकत म्हणाले.

नेमके त्या रविवारी डेपोतले बडे अधिकारी चहाला यायचे होते. विटकरी पाणी दाखवणार कसं? म्हणून टाकी उपसली. एवढ्या उपशाने विहिरीचा तळ लागत आला होता, त्यामुळे टाकी अर्धीच भरली. अर्धी टाकी दाखवायची मामंजींना लाज वाटली. त्यांनी डेपोच्या लिलावातली काळी ताडपत्री आणवून पाण्यावर अंथरली आणि पाहुण्यांना सांगितलं, "दुरुस्ती चालू आहे." पाहुणे गेले. ताडपत्री काढायचा उत्साह कुणातच उरला नव्हता.

काही दिवसांनी दुपारी ताडपत्रीवरचा पाचोळा काढायला मी तिचं टोक उचललं. हात पाण्यात गेला आणि मी तसाच ठेवला. पाणी चक्क कोमट होतं. काळ्या कापडाने दिवसभर ऊन शोषलं होतं, रात्री वरून ऊब जाऊ दिली नव्हती, आणि पाणी मुळात अर्धंच होतं. मी सासूबाईंना हाक मारली.

"आता काय पेटवलंत?" त्यांनी आतूनच विचारलं.

"काही नाही. तुम्ही याच."

त्या माझा खांदा धरून एकेक पायरी उतरल्या. पाणी कमरेला लागलं तशा थांबल्या.  मग पाय हलवला, कळवळल्या, मला एक शिवी हासडली आणि पुन्हा हलवला. माझा खांदा त्यांनी इतका घट्ट धरला होता, की हात बधिर झाला. तरी मी हलले नाही. त्यांचे डोळे भरले होते. ते मला दिसू नयेत म्हणून ताडपत्री किती कळकट आहे, यावर त्या बोलत राहिल्या.

विहिरीत पुन्हा पाणी साठल्यावर मामंजींनी टाकी काठोकाठ भरायचा विषय काढला. अर्धी टाकी बघणाऱ्याला बरी दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"मला पाय हलवायचेत," सासूबाई म्हणाल्या. "जलसमाधी नाही घ्यायची."

टाकी अर्धीच राहिली. बंबाचं पाणी ढगाळ दिवसापुरतं ठेवलं. उन्हाळा लागेपर्यंत त्यांचा गुडघा वाकू लागला आणि मामंजी लोकांना सांगू लागले, "काळी ताडपत्री! पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात होतं." भाऊजींनी त्यामागचं तत्त्व समजावून द्यायचं काम घेतलं.

गोष्ट आळीत पसरायला वेळ लागला नाही. कुणाची कंबर, कुणाचा घोटा, कुणाचं नुसतंच कुतूहल. दुपार झाली की शेजारच्या बायका जुनी लुगडी घेऊन मागच्या दाराने यायच्या. टाकीत हसण्याचा असा कल्लोळ उठायचा, की साहेबाच्या काळात उठला नसेल. मामंजींना त्या वेळी मागच्या अंगणात यायची सक्त मनाई झाली. ते पुढच्या ओसरीवर चहा घेत बसायचे. कुणी पाहुणा आलाच तर म्हणायचे, "टाकी ना? आहे मागे. संध्याकाळी या."