भोंगाकाकूंनी उतरवलेले पंखे

समुद्राकडच्या आपल्या चिकूच्या वाडीत काकू गड्याला हाक मारायच्या, तेव्हा शेजारच्या वाड्यांतले गडीही हातातलं काम टाकून उभे राहायचे. असा आवाज मी दुसरा ऐकलेला नाही. ‘भोंगाकाकू’ हे नाव पाड्यांवरच्या पोरांनी ठेवलं. काकूंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, “भोंगा तर भोंगा. पण काकू म्हणायला विसरू नका.” नुसतं ‘भोंगा’ म्हणणाऱ्याला त्या ओ द्यायच्या नाहीत, आणि काकूंनी ओ दिली नाही तर तो दिवस फार शांत जायचा.

आमच्या डहाणू-तलासरीकडे जमीन हलायला लागली त्या काळातली ही गोष्ट. एकच मोठा भूकंप होऊन गेला असता तर माणसं रडून-भेकून उभी राहिली असती. इथे तसं नव्हतं. आज धक्का, मग चार दिवस काही नाही, मग एकदम जमिनीखालून सुरुंग फुटल्यासारखा आवाज आणि पाठोपाठ हादरा. भिंतींना भेगा पडल्या. लोक घराबाहेर झोपायला लागले आणि पाड्यावरची शाळा ताडपत्रीच्या मांडवात भरायला लागली. मदतीचं सामान येऊ लागलं, तेव्हा आम्ही डहाणूतल्या काही जणांनी ते मुलांपर्यंत पोचवायचं ठरवलं. मी कारखान्यात हिशेब बघणारा माणूस, म्हणून सामानाची मोजदाद माझ्याकडे आली. मुलं आपोआप काकूंकडे गेली. मला त्या ‘मुनीम’ म्हणायच्या. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं, पण आवडत नव्हतं.

पहिला टेम्पो मुंबईहून आला तोच वाट चुकून. ड्रायव्हर तलासरीला वळायचं विसरला आणि थेट गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगेत जाऊन अडकला. तिथून त्याचा फोन आला. काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, “अरे भाई, आणखी पुढे गेलास तर गुजरातच्या पोरांना वाटून ये, आमची पोरं थांबतील!” तासाभराने टेम्पो आला. आत निघाल्या लोकरीच्या माकडटोप्या. भर उन्हाळ्यात, डहाणूत! मी कपाळाला हात लावला. पोरांनी मात्र त्या उलट्या धरल्या आणि रानात जाऊन करवंदांनी भरून आणल्या.

“काकू, टोप्या डोक्यासाठी आहेत,” मी म्हणालो.

“तुझ्या डोक्यासाठी असतील. दिल्या ना? मग आता त्यांच्या. तू करवंदं खा.”

द्यायची काकूंची एक रीत होती, आणि त्या रीतीने माझी मोजदाद रोज कोलमडायची. मी रांग लावायचो आणि प्रत्येकाच्या हातात सारखं सामान ठेवायचो. काकू रांग मोडायच्या. पोरांना गोल बसवायच्या, स्वतःही फतकल मारून बसायच्या आणि एकेकाला विचारायच्या, “तुला काय पाहिजे?” एकाला बिस्किटं नको असायची, बिस्किटांचा खोका हवा असायचा. एकीला चप्पल नको, पण धाकट्या भावाच्या मापाची चालेल. सगळी विचारपूस त्या आवाजात व्हायची, त्यामुळे कोणाला काय पाहिजे ते पाड्याच्या दुसऱ्या टोकालाही कळायचं. मी चिडून म्हणायचो, “काकू, प्रत्येकाला विचारत बसलो तर संध्याकाळ होईल.” त्या म्हणायच्या, “मग होऊ दे ना. तुला कुठे मुंबईला जायचंय?” एकदा बसल्या की त्यांना उठवायला दोन माणसं लागायची, त्यामुळे घाई करणं त्यांना परवडणारंच नव्हतं.

पावसाळा जवळ आला तेव्हा आमचं हसणं कमी झालं. मांडव पावसात टिकणार नव्हता. शाळेची इमारत दुरुस्त झाली होती, भेगा बुजवल्या होत्या, कौलांच्या जागी हलके पत्रे घातले होते. इंजिनिअरने लेखी दिलं होतं की इमारत ठीक आहे. मुंबईच्या एका शेठने वर्गाला नवे पंखे दिले होते. पत्र्याखाली गरम होईल म्हणून ते मागितले होते मीच, आणि दहा दुकानं फिरून चांगले बघून आणले, बसवून घेतले तेही मीच. आता मुलांनी फक्त आत जायचं होतं. गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, “पावसाच्या आधी ही आत बसली नाहीत तर शाळा मोडली समजा. मोठ्या मुली आईबरोबर कामाला जायला लागतील. एकदा गेल्या की परत येत नाहीत.”

शाळा भरायच्या दिवशी मुलं आली, हात-पाय धुतले आणि उंबऱ्याशी थांबली. गुरुजींनी बोलावलं, आयांनी ढकललं, मी भिंतीवर थापा मारून दाखवल्या. एकही पाऊल आत पडलं नाही. शेठ दुपारी फोटोग्राफर घेऊन यायचे होते.

काकू पायरीवर बसल्या. “मोठे सगळे लांब जा,” त्या म्हणाल्या. आम्ही हातपंपाशी जाऊन उभे राहिलो. तिथून मुलांचं काहीच ऐकू येत नव्हतं, काकूंचं मात्र सगळं येत होतं.

“भिंत? … भिंत नाही? मग काय? … वर? वर कुठे? … अगं बोट दाखव … हा? … वीज नसताना? … कोण म्हणालं? … घरी पण?” मग बराच वेळ शांतता. काकूंच्या बाबतीत ती घाबरवणारी गोष्ट होती.

“मुनीम! शिडी आण!”

“शिडी कशाला?”

“तुझे पंखे खाली काढायला.”

मी धावत गेलो. सावित्री नावाची एक पोरगी काकूंच्या मांडीला टेकून उभी होती. काकू म्हणाल्या, “सांग गं मुनीमला.”

“जमीन हालली का पंखा हालतो,” सावित्री म्हणाली. “बटण बंद तरी हालतो. इथं वर्ग होता तेव्हा गुरुजी पण आधी वरतीच बघत. मंग पळत.”

मीही तेच करत होतो. जरा काही हललंसं वाटलं की माझ्या घरात आम्ही सगळे माना वर करून पंख्याकडे बघायचो. भूकंप खरा की भास, हे ठरवायचं दुसरं साधन आमच्याकडे नव्हतं. मोठ्या माणसांना इतके महिने असं बघताना पाहून पोरांनी ठरवलं होतं की भूकंप पंख्यातच राहतो. आणि आम्ही भिंतींवर थापा मारत होतो.

शिडी आणली. पंखे उतरले. मुलं एकेक करत आत गेली आणि रिकाम्या हुकांकडे बघत भिंतीला टेकून बसली.

दुपारी शेठ आले. त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे. “पंखे कुठे आहेत?”

“ते काय, जमिनीवर,” काकू म्हणाल्या.

“मी ते लावायला दिले होते.”

“दिले ना? मग आता यांचे झाले. यांना ते खाली पाहिजेत. बसा शेठ, तुम्ही पण खालीच बसा, फोटो चांगला येईल.”

काकूंनी ‘बसा’ म्हटल्यावर न बसलेला माणूस मी पाहिलेला नाही. शेठ बसले. त्यांच्यापुढे पंखा ठेवला होता, भोवती मुलं होती, आणि सावित्री एका बोटाने त्याचं पातं ढकलून फिरवून बघत होती. शेठही थोड्या वेळाने फिरवायला लागले.

त्या पावसाळ्यात एकही मुलगी कामाला गेली नाही. धक्के येत राहिले. मुलं उठून बाहेर यायची, थांबायची आणि परत आत जाऊन बसायची.

पुढे काकूंचे गुडघे फारच दुखायला लागले, म्हणून मुलगी त्यांना नवसारीला घेऊन गेली. पुढच्या उन्हाळ्यात मुलं मला म्हणाली, “मुनीमकाका, गरम होतं. पंखा लावा.” आनंदाने मी आधी काकूंना फोन केला.

“मला काय सांगतोस? कुठे लावायचा ते त्यांना विचारलंस का?”

मी जाऊन विचारलं. त्यांनी आपापसात चर्चा केली आणि ठरवलं, पहिला पंखा गुरुजींच्या खुर्चीच्या बरोबर वर लावायचा. काही दिवस बघू, मग बाकीचे.

तसं केलं. संध्याकाळी काकूंना कळवलं की पंखा लागला, चालतोही छान, फक्त गुरुजींनी खुर्ची दाराजवळ सरकवून घेतली आहे. आम्ही दोघंही खूप हसलो, हसता हसता त्यांना ठसका लागला. नंतर महिन्याभरातच त्या गेल्या, त्यामुळे हेच आमचं शेवटचं बोलणं ठरलं. ठसका थांबल्यावर त्या म्हणाल्या होत्या, “हसू नकोस रे मुनीम. उद्या जा, गुरुजींजवळ बस आणि त्यांनाही विचार.”