पूर्णविराम तिचा

आमचा धाकटा भाऊ पळताना बोलतो. लोकांना वाटतं, बायको गेल्यापासून त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. वाटू दे. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

तो आठ वर्षांचा असताना त्याला न्यूमोनिया झाला. न्यूमोनिया गेला, पण छातीत घाण करून गेला. श्वासनळ्या सैल पडल्या, त्यांत कफ साचायला लागला, आणि हे आता जन्मभराचं आहे. रोज सकाळी पलंगाच्या कडेवरून डोकं खाली सोडायचं, कोणीतरी पाठ थोपटायची, मग कफ सुटतो. चाळिशीत एका डॉक्टरांनी त्याला सांगितलं, "पळा. छाती मोकळी राहील. पण पूर्ण वाक्य बोलता येईल इतकंच जोरात. वाक्य मध्येच तुटलं की थांबायचं."

आता वाक्य बोलायचं तर समोर कोणीतरी हवं. त्याची बायको सायकल घेऊन शेजारून निघाली.

दोघंही एकाच छापखान्यात मुद्रितशोधक. एकाच टेबलाला समोरासमोर बसायची. ती मूळ मजकूर मोठ्याने वाचायची, तो छापलेल्या कागदावर पेन्सिल फिरवत ऐकायचा. मजकूर वाचायचा म्हणजे चिन्हांसकट. "झडप उघडी आहे, स्वल्पविराम, याची खात्री करा, पूर्णविराम." मी एकदा डबा द्यायला गेले तर मला हसू आवरेना. "अगं, तुम्ही घरी भांडता तेही असंच का?" म्हटलं. भावजय म्हणाली, "वन्सं, भांडणात पूर्णविराम मीच देते." ते खरंच होतं.

रस्त्यावर कामं उलटी झाली. तो आठवड्याभरात वाचलेला मजकूर बोलत पळायचा, "स्वल्पविराम" म्हणून श्वास घ्यायचा, आणि ती ऐकायची. वाक्य नको तिथे तुटलं की ती म्हणायची, "पूर्णविराम." मग त्याने जागच्या जागी थांबायचं, वाद नाही. तो शब्द रस्त्यावर त्याने उच्चारायचा नाही, तिनेच. ही काळ्या दगडावरची रेघ. अशी चौदा वर्षं गेली. दहा किलोमीटर, पंधरा किलोमीटर, आणि घरी आल्यावर दोघांची पाय शेकत बडबड. मी खालच्या मजल्यावर एकटीच राहते. मी लग्न का केलं नाही, हे विचारणारं आता कोणी उरलं नाही. मला त्या बडबडीचा राग यायचा. खोटं कशाला बोलू?

तिला कधी साधी सर्दी झाली नव्हती. मेंदूत रक्तस्राव झाला आणि दीड दिवसात गेली. त्या वेळी दोघं पाण्याच्या पंपाचं माहितीपुस्तक तपासत होती. चाळीस पानं झाली होती. पुढची दुसऱ्या कोणीतरी तपासली, पुस्तक छापून आलं, त्याच्या कपाटात आहे. एक्केचाळिसावं पान त्याने उघडलेलं नाही.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा पळायला लागला. एकटाच, तीच चाळीस पानं बोलत. आणि सकाळी वरून फक्त खोकल्याचा आवाज यायचा, थोपटण्याचा नाही. आपली पाठ आपणच थोपटायची, असं म्हणतात ना लोक? खरंच थोपटून बघा, हात पोचत नाही. मी दोनदा वर गेले. "राहू दे ताई, जमतंय," म्हणाला. माझ्या तोंडावर दार लागलं, इतकंच.

वर्षाने त्याने एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. तळ्याभोवती सात फेऱ्या. ती असताना दोघांनी ठरवलेली शर्यत. डॉक्टर म्हणाले, "पळा, पण सोबत कोणीतरी ठेवा." सोबत कोण? माझे गुडघे जिन्यालाच हात टेकतात.

"मी वळणावर खुर्ची टाकून बसते," मी म्हटलं. "वाक्य तुटलं तर सांगते."

"ताई, उंटावरून शेळ्या हाकू नकोस. माझं मला कळतं."

इथेच तर सगळी गोम होती. त्याला कळत नाही. पळायला लागला की त्याला छाती दिसत नाही, फक्त पुढचा रस्ता दिसतो. म्हणून तर ती सायकल होती.

मी गेलेच. घडीची खुर्ची, पाण्याची बाटली आणि बोटाला लावून प्राणवायू मोजायचा त्याचा चिमटा घेऊन. पहिल्या चार फेऱ्यांना तो माझ्यासमोरून खणखणीत वाक्यं बोलत गेला. माझ्याकडे बघितलं नाही. पाचव्या फेरीला आवाज बारीक. सहाव्या फेरीला दर दोन शब्दांनी स्वल्पविराम, आणि पंपाच्या पुस्तकात इतके स्वल्पविराम नाहीत. माझी पाचावर धारण बसली. उठून मागे जाईपर्यंत तो पुढे गेला होता.

सातव्या फेरीला तो वळणावर आला तेव्हा ओठ जांभळे होते. तिथून शेवटची रेषा दिसत होती, अडीचशे पावलं असतील. तीस वर्षं मी दवाखान्याच्या खिडकीत नंबर पुकारलेत, माझा आवाज भिंतीपलीकडे जातो. मी ओरडले, "थांब!"

तो पळतच राहिला. तोंडाने म्हणाला, "थांबवण्यापूर्वी... पंप थांबवण्यापूर्वी... स्वल्पविराम..."

मी कपाळाला हात लावला. त्याला वाटलं, कोणीतरी पुढचा शब्द वाचून दाखवला. जन्मभर समोरून ऐकलेला शब्द हा मजकूरच असतो. हुकूम फक्त चिन्हांचा.

मग मी तो शब्द म्हटला. "पूर्णविराम."

तो जागच्या जागी थांबला. एक पाऊल पुढे नाही. मान वळवून त्याने रस्त्याच्या डाव्या बाजूला बघितलं, जिथे सायकल असायची. तिथे कोणी नव्हतं. मग त्याने मला बघितलं आणि खाली बसला. चिमट्यावर एकोणऐंशी आकडा होता. मदतीची माणसं प्राणवायूची नळी घेऊन धावली. त्यातला एकजण म्हणाला, "आजी, आणखी शंभर पावलं गेला असता तर अवघड होतं." मला वाटलं, आता तरी हा माझ्याकडे बघून काही बोलेल.

नळी काढल्यावर तो बोलला. "तो शब्द तुझा नव्हता."

आठ दिवस आमचं बोलणं नाही. भाऊ जिवंत आहे म्हणून माझा जीव भांड्यात पडला होता, आणि त्याच्या त्या एका वाक्याने रात्रंदिवस सोलून निघत होते. नवव्या सकाळी खोकला थांबेचना. मी गुडघे धरत वर गेले. दार उघडंच होतं. तो पलंगावरून डोकं खाली टाकून पडला होता.

"पूर्णविराम तिचा आहे," तो खालच्या खालीच म्हणाला. "तू वापरायचा नाही."

"बरं. मग काय म्हणू? नंबर तेवीस?"

तो हसला, हसण्याचा खोकला झाला, आणि मी हाताची ओंजळ करून पाठ थोपटायला लागले. त्याने नको म्हटलं नाही. बराच कफ सुटला. तोंड पुसून झाल्यावर म्हणाला, "अर्धविराम म्हण."

तेव्हापासून मी रोज सकाळी वळणावर खुर्ची टाकते. वाक्य तुटलं तर "अर्धविराम" म्हणते. तो लगेच चालायला लागतो, श्वास भरला की पुन्हा पळतो. खिडकीतून नंबर पुकारावा तसं कोरडं म्हणते आणि तो तसाच ऐकतो, पण ऐकतो.

काल तो माझ्यासमोरूनच गेला तेव्हा चाळिसावं पान संपत आलं होतं. शेवटचं वाक्य तो पूर्ण बोलला, कुठेही तुटू न देता. मग डाव्या बाजूला मान वळवून हळूच म्हणाला, "पुढचं वाच ना."

पुस्तक माझ्या पिशवीत होतं. त्याच्या कपाटातून मीच आणलं होतं, एक्केचाळिसाव्या पानात खूण घालून. चष्माही नाकावर होता. पण त्याने मला विचारलं नव्हतं. मी खुर्ची मिटली आणि घरी निघाले.