बेट आहे की नाही? अप्पांना घेऊन चौकची टेकडी

वसईतल्या पाचूबंदरच्या किनाऱ्यावरून खाडीपलीकडे एक बुटकी टेकडी दिसते. ती बेटावर आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. शाळेतली माझी सहकारी फिलोमिना, नंदाखाळची, म्हणाली, "बेटच ते. आमच्या आतेबहिणीला तिकडेच दिलंय, चौकला." शेजारचे म्हणाले, "कसलं बेट? भाईंदरहून बस जाते की!" नकाशात बघितलं तर चारी बाजूंना निळी रेघ होती, पण एका बाजूला ती इतकी बारीक की शाईचा डाग वाटावा.

टेकडी हवी होती ती अप्पांसाठी. माझे वडील. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून वर्षभर आमच्याकडे, गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये. साताऱ्याकडचं त्यांचं घर चढावर आहे, रस्त्यापासून साठ पायऱ्या. डॉक्टर म्हणाले, हळूहळू चढ चढून बघा. अप्पांनी लगेच पैज लावली. "सुमे, एक टेकडी दाखव. न बसता चढलो, तर मी माझ्या घरी."

आता मला सांगा, मी सोपी टेकडी शोधायची की अवघड? शोधली सोपी. का, ते मलाच नीट सांगता येत नाही.

भाईंदरमार्गे गेलो असतो तर स्टेशनचे जिने चढण्यातच अप्पांचा दम संपला असता. म्हणून होडी. फिलोमिनाने ओळखीचे होडीवाले काका गाठून दिले आणि भरतीचा हिशेबही शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. आमचा दिवस संकष्टीचा, म्हणजे चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी.

"मग नऊला निघू," अप्पा म्हणाले. "पाणी उतरल्यावरच पार व्हावं. कृष्णेला आम्ही तेच करायचो." मलाही ते पटलं. घाटावरची अक्कल, दुसरं काय!

गोखिवऱ्याहून रिक्षाने थेट पाचूबंदर गाठलं. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या रांगा ओलांडून धक्क्यावर पोचलो तर होडी चिखलात आडवी पडलेली. काका शेजारी जाळं शिवत बसले होते.

"काय बाय, इतक्या लवकर?"

"काका, पाणी कमी असताना बरं ना, जायला?"

त्यांनी आधी माझ्याकडे, मग अप्पांकडे बघितलं. "पानी नाय तर होडी चालंल कशावर? पानी येऊ द्या. बसा."

बसलो. तब्बल अडीच तास. अप्पांचा उपास, म्हणून फिलोमिनाने दिलेली सुकेळी सोबत होती. वसईची ही वाळवलेली केळी प्रवासाला घ्याच, मऊ, गोड आणि पोटाला आधार. ऊन चढत होतं. भर दुपारी चढायचं म्हणजे आज काही अप्पांना जमत नाही, असं मनात आलं आणि मला चक्क बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. मग परत बरं वाटलं.

साडेअकराला होडी हलली. पलीकडे जायला वीसेक मिनिटं लागतात. भाडं आधी ठरवून घ्या आणि परतीची वेळ पाण्याला विचारूनच ठरवा. चौक गावातून वर जाणारी वाट विचारली तर दोघांनी दोन दिशा दाखवल्या. दोन्ही बरोबर निघाल्या. वाळलेलं गवत, करवंदीची जाळी, मधेच जुन्या तटाचे दगड. चढ असा की गप्पा मारत चढावा.

अर्ध्यावर मी म्हटलं, "अप्पा, इथूनही छान दिसतंय. पुरे की."

"तुला पुरे असेल तर तू बस." ते थांबले नाहीत.

मीच बसले. मला धाप लागली होती.

वर पोचले तेव्हा अप्पा तटाच्या दगडाला टेकून उभे होते. उभे! समोर खाडी काठोकाठ भरत आलेली, पलीकडे वसईचा किल्ला झाडीत बुडालेला, मागे तुंगारेश्वरचा डोंगर.

"तुझं घर कुठलं गं?"

मी बराच वेळ बोट फिरवलं. इमारतींच्या त्या गर्दीत गोखिवरे काही सापडेना.

"इथून नाही दिसत, अप्पा."

"मग गावाहून काय दिसणार! फोन करत जा," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले. मला रडू आलं. वारा फार होता, असं म्हणायची सोय तिथे आहे.

चारच्या होडीने परतलो. चंद्रोदयाला अप्पांनी उपास सोडला आणि रात्रीच पिशवी भरायला घेतली. आठवड्याने ते गेलेसुद्धा. आता रविवारी फोन येतो. साठ पायऱ्या किती मिनिटांत चढले ते आधी सांगतात, मग विचारतात, "आज तुमच्याकडे भरती कितीला?" मी कालनिर्णयात तिथी बघते आणि बोटांवर पाऊणकी मोजते.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. भरतीच्या आधी निघा, टोपी घ्या, बेटाचा वाद घालू नका. टेकडी अगदी सोपी आहे, ऑपरेशन झालेला सत्तरीचा माणूसही न बसता चढतो. माझी तक्रार तेवढीच आहे.