कोपऱ्यातली मेंढी

लेन्स पास की नापास हे ठरवायची माझी एक पद्धत आहे, आणि ती मी कुणाच्या बापाला बदलू देत नाही. कुपवाडला एका कारखान्याची मागची भिंत आहे, बिनगिलाव्याची, नुसत्या विटांची. तिच्यासमोर ट्रायपॉड लावायचा, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून एक फोटो, मग ते एकेक पायरी बारीक करत आणखी चार. घरी येऊन कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठं करून बघायचं. मधल्या विटा काय, कुठलंही भिंग नीट दाखवतं. खरी गोम चार कोपऱ्यांत. कोपऱ्यातल्या विटेची कड दिसली तर पास, विटेचा शिरा झाला तर नापास.

मी सांगलीत लग्नाचे फोटो काढते. आमच्या दोन जिल्ह्यांतल्या फोटोग्राफरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. बाजारात नवी स्वस्त लेन्स आली की "ताई, घ्यावी का?" म्हणून मलाच विचारतात आणि माझ्या पाठीमागं "बाई विटा मोजत बसती" म्हणून हसतातही. हसेनात का. उद्या ग्रुप फोटोत कडेला उभी असलेली नवऱ्याची आत्या धुरकट आली की शिव्या त्यांनाच खायच्या आहेत.

पण खरं सांगते, हल्ली मिररलेस कॅमेऱ्यांसाठी ज्या स्वस्तातल्या प्राइम लेन्स येतात, त्या बघून मला भरून येतं. प्राइमला झूम नसतो. जवळचं हवं असेल तर स्वतः चार पावलं पुढं जायचं, उंटावरून शेळ्या हाकायची सोय नाही. हातात मावेल एवढीशी वस्तू, आणि मांडवातल्या एका पिवळ्या दिव्यात नवरीच्या पापणीचा केस न् केस दाखवते! मी शिकत होते तेव्हा अशी लेन्स नुसती हातात धरायला मिळावी म्हणून मी सरांच्या बॅगा उचलल्या आहेत.

एका वर्षी दिवाळीच्या आधी माझ्याकडं दोन पस्तीस एमएमच्या प्राइम लेन्स आल्या. एक नावाजलेल्या कंपनीची, दुसरी कुणी नावही न ऐकलेल्या कंपनीची, तिच्याहून कितीतरी स्वस्त. दुकानदारानं चार दिवस दिले होते. आवडेल ती ठेवा, दुसरी परत करा. नेमकी मला वडूजला माहेरी एका बारशाची ऑर्डर होती. म्हटलं, विटा राहू देत, वाटेत काहीतरी सापडेल.

आणि सापडलंच. वडूजच्या अलीकडं तळ्यावरून पाणी पिऊन मेंढरांचा मोठा कळप रस्ता ओलांडत होता. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फ्रेम भरलेली, आणि भर उन्हात काळी लोकर. लेन्स वाईट असेल तर काळ्या कानाच्या कडेला जांभळी रेघ उमटते, लपवता येत नाही. मी गाडी थांबवून स्वस्त लेन्सनं धडाधड फोटो घेतले. मधली मेंढरं बघून तर मी रस्त्यातच "आयला!" म्हणाले. नाकावरचा ओलावा दिसत होता. डावा खालचा कोपरा मात्र पार गेलेला, तिथल्या सगळ्या काळ्या मेंढरांचं पिठलं झालेलं. दुसरी लेन्स लावेपर्यंत कळप निघून गेला आणि राहिली नुसती धूळ. मी ग्रुपवर लिहून टाकलं, "मध्य फर्स्ट क्लास. कोपरा नापास. कोपऱ्यात काही म्हणजे काही दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या रानात गेले. खतासाठी त्यानं धनगराची मेंढरं बसवली होती. हा कळप वेगळा, लहान. जाळ्याच्या कुंपणाशेजारी एक आजी मांडीवर कोकरू घेऊन बसली होती. कोकरू आठ-दहा दिवसांचं, आणि ओरडून ओरडून त्याचा घसा बसलेला. आजी बाटलीचं बोंड त्याच्या तोंडात घालत होती, ते दूध थुंकून टाकत होतं.

"आय हरवलीया ह्याची," आजी म्हणाली. "तीन दिस झालं. दुसऱ्या मेंढ्या ढुशा मारत्यात, अंगाला लागू देत न्हाईत. आज न्हाईतर उद्या, जातंय बघ हे."

तिचा पन्नाशीचा लेक जाळं गुंडाळत होता. "लांडग्यानं न्हेली, आये. कितींदा सांगू?"

"लांडगा रगात सांडल्याबिगर न्हेतो व्हय रं? तळ्यावर दोन कळप यका टायमाला उतरलं. ती त्येंच्यात ग्येली."

"इचारून आलो की मी! न्हाई म्हणत्यात ती."

मला कोकराकडं बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून, आणि थोडी मिरवायची हौस म्हणूनही, मी कॅमेऱ्यातला आदल्या दिवशीचा फोटो आजीपुढं धरला. म्हटलं, "बघा आजी, नाकावरचं पाणीसुद्धा दिसतंय." आजीनं त्या नाकाकडं ढुंकून बघितलं नाही. पडदा लांब धरला, जवळ धरला, पुन्हा लांब धरला. मग तिचं बोट डाव्या खालच्या कोपऱ्यावर टेकलं.

"ही माजी."

मी त्या जागेवर मोठं करून बघितलं. काळा डाग, त्याच्या शेजारी दुसरा काळा डाग. "आजी, तिथं काही दिसत नाही हो. ती लेन्सच तिथं मार खाते. कुठलीही मेंढी असेल ती."

"कुटलीबी कशी आसंल? मान बघ की, उजव्या अंगाला वाकडी. ल्हान आसताना कुत्र्यानं धरलीती."

लेकानं खांद्यावरून डोकावून बघितलं आणि हसला. "आये, ती ताई फोटूतली मास्तरीण हाय. ती म्हणती न्हाई तर न्हाई."

मास्तरीण म्हटल्यावर मी सुखावले, हे कबूल करते. पण आजीनं माझ्याकडं बघितलं तेव्हा ती चिडलेली नव्हती, घाबरलेली होती. म्हातारीचं म्हणणं आता कुणी खरं धरत नाही, हे तिच्या तोंडावर लिहिलं होतं. मांडीवर कोकरू मान टाकत होतं. मी म्हटलं, "चला बसा गाडीत. नसली तर नसली, माझं काय डिझेल जाईल तेवढंच."

विचारत विचारत दुपारी दहिवडीच्या वाटेवर तो कळप सापडला. फेटेवाला म्होरक्या माणूस शांत होता. "आमच्यात न्हाई आजी. आमी आमची मेंढरं वळाखत न्हाई व्हय?" मला वाटलं आता भांडण जुंपणार.  पण आजीनं पदराखालचं कोकरू काढलं आणि जमिनीवर ठेवलं. ते धड उभंही राहीना. मग बसक्या घशानं एकदाच ओरडलं.

कळपाच्या पार पलीकडून उत्तर आलं.

काळ्या पाठींच्या मधून वाट काढत एक मेंढी आली. मान उजवीकडं वाकडी. कोकरानं पुढचे गुडघे टेकून जी काय ढुशी मारली, शेपूट अशी फिरायला लागली! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मला त्याची लाजही वाटली नाही. म्होरक्यानं फेटा काढून हातात घेतला. "चुकलं आजी. कळप मोठा, गडी नवा. ध्यानात आली न्हाई." आणि चहा घेतल्याशिवाय आम्हाला सोडलं नाही.

परतताना मेंढी गाडीत मागं माझ्या लाइटच्या स्टँडांमध्ये उभी होती आणि तिनं बॅगेवर करायचं ते केलं. मी आजीला विचारलं, "मला तिथं काही दिसलं नाही, तुम्हाला कसं दिसलं हो?"

आजी पुढं बघतच म्हणाली, "पोरी, मला समदंच तुज्या त्या कोपऱ्यागत दिसतंय. दोन वर्सं झाली. तोंड दिसत न्हाई, कानाची खूण दिसत न्हाई. कोण कशी उबी ऱ्हाती, कशी चालती, त्येच्यावर वळाखती." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "लेकाला सांगू नगंस. कळप इकून टाकंल."

मी गाडी बाजूला घेतली आणि तिला झापलं. म्हटलं, "आवं मोतीबिंदू आहे तो! अर्ध्या तासाचं काम आणि तुम्ही दोन वर्षं अंधारात मेंढरं राखताय?" आणि वस्तीवर पोचल्यावर मी लेकाला सगळं सांगितलं. गप्प बसणं मला जमत नाही. तो आईच्या पायाशी बसून कोकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

मिरजेला ऑपरेशन झालं. त्या वर्षी आजी मेंढरं चारायला महिनाभर उशिरा कोकणात उतरली. त्याआधी काळा चष्मा लावून लेकाबरोबर माझ्या सांगलीच्या स्टुडिओत आली. म्हणाली, "त्यो फोटू दाव." मी मोठ्या पडद्यावर लावला. चष्मा काढून आजी हरखून बघत होती. "आगं बया! हिच्या नाकावर पानी हाय की! ह्येचा खूर तर किडलाय, सांगितलं पायजे त्या बाबाला." मग डाव्या कोपऱ्याशी आली आणि थांबली.

"हितं काय हाय?"

"आजी, हीच की तुमची."

"कुटं? हितं कायबी दिसत न्हाई. तुजं भिंग वंगाळ हाय गं."

 आजी शेवटी माझ्याशी सहमत झाली होती, पण मला ती सहमती नको होती. दोन वर्षांत अंधारात कमावलेलं आपण मिरजेला नेऊन काढून तर टाकलं नाही ना? लेकही आईच्या तोंडाकडं बघत होता.

आजीनं दोन पावलं मागं घेतली. पापण्या मिटत आणल्या, अगदी बारीक फट राहीपर्यंत. तशीच उभी राहिली.

"हां," ती म्हणाली. "ही काय. मान वाकडी करून उबी हाय, रांडंची."

लेक इतक्या मोठ्यानं हसला की शेजारचा दुकानदार बघायला आला.

त्या मेंढीच्या नादात लेन्स परत करायचे चार दिवस कधीच उलटून गेले होते. दोन्ही माझ्याच गळ्यात पडल्या, आणि ती स्वस्तातली अजून माझ्या बॅगेत आहे. कोपरा अजून नापास आहे, त्यात बदल नाही. ग्रुपवरची ओळ तेवढी मी दुरुस्त करून पुन्हा टाकली. "कोपऱ्यात काही दिसत नाही" काढलं आणि "कोपऱ्यात मला काही दिसलं नाही" असं लिहिलं. आणि हल्ली कुपवाडच्या भिंतीचा फोटो पडद्यावर आला की शंभर टक्के मोठा करायच्या आधी मी दोन पावलं मागं जाते आणि डोळे बारीक करून बघते. माझी पद्धत मी कुणाच्या बापाला बदलू दिली नव्हती. आजीनं बदलली.