जिनिंगमधली किल्ली

"मॅडम, मिटवून टाका न. माफी मागून राह्यला तो," मॅनेजरसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

"मिटवायचं की नाही, ते तक्रार करणारी ठरवेल," मी म्हटलं.

मी यवतमाळला वकिली करते. पांढरकवडा रोडवरच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य होते. कामाच्या जागी बाईला लैंगिक त्रास झाला, तर ही समिती चौकशी करते. बाहेरचं माणूस अशासाठी, की त्यानं मालकाचं मीठ खाल्लेलं नसतं.

तक्रार वजनकाट्यावरच्या वैशालीची. नाव बदललंय. सुपरवायझर हात धरतो, नको ते बोलतो, असं तिचं म्हणणं. पण साक्षीला आलेल्या बायांचं एकच, "आम्हाले काही मालूम नाही." मला चैन पडेना. साक्ष मिळाली नाही तर वैशाली खोटी ठरणार होती. मग घरचे तिची नोकरी सोडवणार, हे तिनंच मला सांगितलं होतं.

मधल्या सुट्टीत मी बाथरूम विचारलं. शिपाई किल्ली आणायला गेला. किल्ली घेऊन आला तो सुपरवायझरच! "चला मॅडम, उघडून देतो." मी बाहेर येईपर्यंत तो दाराशीच उभा. माझं टाळकंच सरकलं.

एकेकीला परत बोलावलं. या वेळी समितीतल्या पुरुषांना बाहेर बसवलं. त्याचं नावही काढलं नाही. विचारलं, "दिवसातून किती वेळा बाथरूमला जाता?"

"जातच नाही," कापूस निवडणाऱ्या शांताबाई म्हणाल्या. "पाणीच पेत नाही आम्ही. तो सुपरवायझर आधी हास म्हणते, मंग किल्ली देते. हात सोडतच नाही."

"मग मघाशी का नाही बोललात?"

"साहेबाइसमोर संडासाची गोष्ट कशी काढाव, बाई?"

बाकीच्याही बोलल्या. आरोप सिद्ध झाला.

"त्याले काढतो," मॅनेजर म्हणाले. "पण वैशालीले पुसदच्या ऑफिसात पाठवू. तिच्याच सेफ्टीसाठी."

वैशाली उसळली. "मले कायले? मी काय केलं?"

तिची बदली करू नये, असं मी अहवालात लिहिलं. ती काट्यावरच राहिली. सुपरवायझर गेला, बाहेरचं कुलूप गेलं, आतून कडी बसली. या एवढ्या कामाला समितीची गरज नव्हती. कोणीतरी आधी विचारायला हवं होतं, बस्स.

परवा मॅनेजरांचा फोन आला. "मॅडम, बाया आता घडीघडी उठून जातात."

"जाऊ द्या," मी म्हटलं.