मोहाखालचे तंबू

मंडळी, आज सकाळी तंबू घेऊन मेळघाटात गेलो अन् दुपारीच अमरावतीले परत आलो.

उन्हाळ्यात चिखलदऱ्यात खोली भेटत नाही. मागच्या वर्षी तिथून जवळच्या गावातल्या बाबूलालभाऊनं त्यायच्या वावरात तंबू लावू देला होता. अट एकच, मोहाच्या झाडाखाली नाही. तिथं घरचे सारे पहाटे मोहफुलं वेचतात. ही जागा कोणाले सांगणार नाही, असा मी त्यायले शब्द देला होता. सांगितली फक्त एका दोस्ताले. तो याच ग्रुपमध्ये आहे.

आज पाहतो तर वावरात अकरा तंबू, त्यातले सहा मोहाखाली. झाडून ठेवलेल्या जमिनीवर फुलं चेंगरून पडलेली.

"भाऊ, काहून लावू देले?"

"सारे तुमचंच नाव सांगत आले. मले वाटलं तुमचे पाहुणे. पाहुण्याले ऊठ कसं म्हणू?"

दोस्ता, तू हे वाचून राहिला, मले माहीत आहे. तुले लय बोलणार होतो. पण भाऊले शब्द तू नव्हता देला.

मंडळी, आता कोणत्या तोंडानं जाऊ तिथं? चहा त्यायनं आजही पाजला. फक्त निघताना "पुन्हा या" म्हटलं नाही.