देवकाबाईंचे दहापैकी दहा

मंगळवार, धानकापणीचे दिवस. ओपीडीत हजर: डॉक्टर साहेब, मी, पेशंट देवकाबाई आणि त्यांची सून ललिता. देवकाबाई गोरेगावकडच्या. गेल्या आठवड्यात त्यांना दम्याचा अटॅक येऊन गेला होता. पावसाळ्यानंतरचा हा दुसरा.

गोंदियातल्या या छातीच्या दवाखान्यात मी काउन्सेलर आहे. इनहेलर कसा ओढायचा ते शिकवते आणि दर भेटीला तीन गोष्टी तपासून यादीत टिक करते. एक, ओढायची पद्धत. दोन, पंपाच्या मागचा आकडा. दर फवाऱ्याला तो एकाने उतरतो, म्हणून औषध घेतलं का ते कळतं. तीन, पेशंट इनहेलरवर खूश आहे का. पेशंटने इनहेलरला दहापैकी नंबर, म्हणजे गुण, द्यायचे. न आवडलेलं औषध माणूस टाळतो, म्हणून हा प्रश्न.

देवकाबाईंच्या तिन्ही गोष्टींपुढे टिक होती. पद्धत बरोबर. आकडा हवा तेवढाच उतरलेला. नंबर दहापैकी दहा. आणि छातीतून शिट्टी वाजत होती.

"फिर प्रॉब्लेम कहाँ है?" डॉक्टरांनी मला विचारलं. पंपाने भागत नाही असं धरून त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहायला घेतल्या. देवकाबाईंना शुगर आहे आणि या गोळ्यांनी ती चढते. मी दहा मिनिटं मागून घेतली.

दोघींना बाहेरच्या बाकावर बसवून देवकाबाईंची फाइल पुन्हा वरून खाली वाचली. स्वयंपाक गॅसवर. घरात बिडी कोणी ओढत नाही. धानाची धूळ होती, पण पहिला अटॅक कापणीच्या आधीचा. पंपाची एक्सपायरी लांब. डोकं चालेना. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, सकाळचा पंप किती वाजता घेता? देवकाबाई सुनेकडे पाहायला लागल्या.

"सांगून टाका ना आई," ललिता म्हणाली. "नाही तर मी सांगते."

मग निघालं. दवाखान्यात यायच्या आदल्या दिवशी देवकाबाई गोठ्याजवळ उभ्या राहून पंप हवेत दाबायच्या, आकडा जुळेपर्यंत. किती वेळा दाबायचा ते ललिता मोजून सांगायची. ओढणं फक्त माझ्यासमोर.

"काऊन पण?" मी कारण विचारलं.

"तोंडात काहीच लागत नाही, मॅडम. औषध गेलं का नाही, कसं समजन? पहिले मशीनमध्ये टाकून ओढायची कॅप्सूल होती. गोड लागे, खडखड वाजे, रिकामी झालेली दिसे. आकडा कमी नाही झाला का तुम्ही रागावता."

"मग दहा नंबर कायले दिले?"

"ते तर तुमचे नंबर होते ना. तुम्ही इतकं समजावून राहिल्या. कमी देऊन तुमच्या नोकरीवर कायले आणू?"

रोजचं औषध श्वासनळीची सूज हळूहळू उतरवतं. लगेच काही जाणवत नाही. हे मी त्यांना अनेकदा सांगितलं होतं, आणि त्यांनी दर वेळी मान हलवली होती.

आत जाऊन हे सांगितल्यावर डॉक्टरांनी गोळ्यांचा कागद स्वतःच फाडला. कॅप्सूलला श्वास जोरात ओढावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात ती बदलून पंप दिला होता. तेवढा जोर आता आहे का ते तपासलं. होता. कॅप्सूल परत सुरू केली.

महिन्याने देवकाबाई पिशवीभर रिकाम्या कॅप्सूल घेऊन आल्या आणि टेबलावर ओतल्या. मी पुन्हा गोंधळले. याही गोठ्यातच रिकाम्या झाल्या नसतील कशावरून? फुंकायच्या मीटरवर फुंकायला लावलं. काटा बराच वर गेला. मधे अटॅक नाही, छातीही साफ. या वेळी नंबर दिले सहा. "घसा खवखवते," म्हणाल्या. औषधानंतर चूळ भरायला सांगितलं आणि सहाचा आकडा समाधानाने लिहिला.

पंपाचा आकडा फक्त दाबल्याचं सांगतो. आणि शिकवणाऱ्यानेच नंबर विचारले की ते त्याला मिळतात, औषधाला नाही. आता तो प्रश्न रिसेप्शनवरची मुलगी विचारते.

कपाटात दहापैकी दहावाल्या फाइलींचा एक वेगळा गठ्ठा काढून ठेवला आहे. त्या सगळ्या पेशंटना फोन करून पुन्हा बोलवायचं आहे. माझ्या कामांच्या यादीत ते पहिलं आहे. अजून टिक नाही.